खंडेनवमीला बदललेलं सील

१९९६ सालच्या खंडेनवमीला कोल्हापुरात आमच्या जीपच्या पुढच्या आसाचं, डाव्या बाजूचं ऑइल सील बदललं. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

जीप लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांना जोर देणारी. राधानगरीच्या पुढं डोंगरातल्या वाडीत माझी विधवा आत्या एकटी राहायची. तिला मधुमेह होता. त्या सकाळी खालच्या रस्त्यानं येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्यानं निरोप आणला. तिच्या पायाची जखम काळी पडली होती. वाडीवर येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, लगेच कोल्हापूरला हलवा, नाहीतर पाय जाईल. त्या वाटेवर चिखल होता. साधी गाडी चढत नसे.

वडिलांनी जीप बाहेर काढली, तर डाव्या चाकाच्या आतून तेल ओघळलेलं. सील फाटून आसातलं तेल ब्रेकवर उतरलं होतं. घाटात त्या चाकाला ब्रेक लागला नसता.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी गॅरेज धुऊन पाने, हातोडे, जॅक पूजेला मांडले होते. हळदकुंकू लागलं होतं, झेंडूचा हार पडला होता.

"अण्णा, आज न्हाई," ते वडिलांना म्हणाले. "हत्यारं बसल्यात. उद्या सोनं लुटलं की उठवतो."

"तवर तिचा पाय थांबतोय व्हय?"

वडिलांनी जॅककडं हात नेला. मिस्त्रींनी मनगट धरलं. "हात लावायचा न्हाई. सांगून ठेवतो."

थोड्या वेळानं मिस्त्री स्वतःच बोळ ओलांडून समोरच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडं गेले. तो बौद्ध, त्याच्याकडं खंडेनवमी नव्हती. धम्मचक्र दिनासाठी नागपूरला निघायची त्याची तयारी चालली होती.

"काय पावणं, द्येव झोपलं वाटतं तुमचं?"

"पानं, हातोडा दे. जॅक पण दे."

"आणि काम करणार? आज?"

"हत्यारं बसल्यात. हातास्नी कुणी पाटावर बसवलंय?"

तो हसला. "न्या. पुसून द्या, न्हाईतर नागपुरास्नं येऊन तुमच्याच गळ्यात हार घालतो."

चाक, ड्रम, हब उतरला. शाफ्ट बाहेर ओढला. जुनं सील कडक होऊन चिरलं होतं. नवं सरळ बसवण्यासाठी मिस्त्रींनी त्या मापाची कडी लेथवर करून घेतली होती. ती पूजेत होती. त्यांनी जुनं सील नव्यावर पालथं ठेवलं आणि गोल फिरत ठोकलं. सील तिरकं गेलं. काढताना त्याची कड वाकली.

गॅरेजमध्ये सीलांची एकच जोडी होती आणि सणामुळं दुकानं बंद होती. दुसरं सील उजव्या चाकासाठी होतं. वडिलांनी पूजेतल्या कडीकडं पाहिलं. मिस्त्रींनी पाहिलं नाही. त्यांनी दुसरं सील घेतलं, काठावर ग्रीस लावलं आणि दर ठोक्यानंतर बोटानं कड चाचपली. ते सरळ बसलं. उजवीकडचं जुनंच राहिलं. ब्रेकचे लायनर पेट्रोलनं पुसले, आसात तेल भरलं. तोवर अंधार पडला.

दसऱ्याला पहाटे निघालो. आत्या उंबऱ्यात बसली होती, पायाला धडपं गुंडाळून.

"सणाचं कुठं न्हेतोस रं? पोळी तरी खावा की."

वडिलांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. घाटात ब्रेक लागत होते.

दुपारी तिला दवाखान्यात दाखल केलं. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं काढली. पाय राहिला.