मापाला माझा हात

जर्मनीत इंगोलश्टाटला मी मुलाकडे असतो, तिथे आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन गडी राहतो. दिवसभर गाड्यांच्या कारखान्यात राबतो आणि संध्याकाळी गॅरेजात स्वतःची जुनी अमेरिकन गाडी खोलून बसतो. त्याच्यासारख्याच खुळ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. कुठला भाग साफ झाला, कुठला बसला, त्याचे फोटो तिथे जातात. भाग केवढा ते कळावं म्हणून तो माझ्या हातात देऊन फोटो काढायचा. मी चार बुकं शिकलेला, त्याची भाषा मला कुठली यायला! पण नट नीट बसला की तो "गेनाऊ" म्हणतो आणि नाही बसला तर नटालाच सॉरी म्हणतो, एवढं कळतं.

आमची ही गेली आणि मी खाली जायचं सोडलं. बायको गेल्यावर गाडीचं काय कौतुक?

विसाव्या दिवशी, कधी वर न येणारा हा माणूस दारात उभा. बूट बाहेर काढलेले, हातातल्या ताटलीत लख्ख कार्बोरेटर. त्याचं ऐकून सून म्हणाली, "बाबा, ग्रुपवाले विचारतायत, तो हात कुठे गेला?"

"मेला म्हणावं."

तिने काय सांगितलं देव जाणे. तो माझ्याशेजारी बसला. माझ्या तळहातावर कार्बोरेटर ठेवला आणि जड होईल म्हणून खालून स्वतःचा हात लावला. मोबाइल मात्र काढला नाही.

"फोटो?" शेवटी मीच विचारलं.

"मॉर्गन," म्हणाला. म्हणजे उद्या, सुनेने सांगितलं. आणि कार्बोरेटर माझ्याकडेच ठेवून खाली निघून गेला. आता तो खाली नेऊन देणं मलाच आलं.