टाकीत उतरलेल्या गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडमनी एखादी गोष्ट समजावून सांगितली की समोरच्याची लगेच सुटका होत नसे. "आता तुम्ही मला सांगा," म्हणायच्या आणि हात मागे बांधून ऐकत उभ्या राहायच्या. मग समोर बिहारहून आलेला नवा कामगार असो, नाहीतर प्लँट हेड. हेल्मेटचे नियम घडाघडा म्हणून दाखवणारे प्लँट हेड मी स्वतः पाहिले आहेत.

शिरूरजवळच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात त्या सेफ्टी ऑफिसर होत्या. मी जवळच्याच निमोणे गावचा, आयटी विभागात. एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडम मनापासून बोलायला लागल्या की थेट त्यांच्या केडगावच्या भाषेत शिरायच्या.

त्या सुमारास हेड ऑफिसने कंपनीची आतली वेबसाइट सुरू करायला सांगितली. प्रकार त्यांनीच ठरवला होता: कोलॅबोरेशन साइट. म्हणजे सगळ्यांनी लिहायचं, सगळ्यांनी दुरुस्त करायचं. कँटीनच्या तक्रारी, सुट्ट्या, यंत्रांच्या सूचना, सगळं एकाच जागी.

एका सकाळी आत उतरून रंगाची टाकी धुवायला निघालेल्या संतोषला मॅडमनी अडवलं. "सांगा, उतरायच्या आधी काय काय करायचं?" त्याने साइटवरून काढलेला ताजा प्रिंट बघून सगळं सांगितलं. आतली हवा मीटरने तपासायची, हे त्यात नव्हतंच. टाकीत थिनरची वाफ कोंडलेली होती. तो उतरला असता तर परत वर आला नसता.

ती ओळ सुपरवायझर धावडेंनी काढली होती. मीटर कधीचा बंद पडलेला. बंद मीटरची ओळ ठेवून काय करायचं, असं त्यांना वाटलं. मीटर बंद असल्याची तक्रारही त्यांनी त्याच साइटवर लिहिली होती, पण ती कँटीनच्या भाजीवरच्या भांडणात बुडून गेली होती.

दुपारी मीटिंग झाली. पुण्याहून आलेले डायरेक्टर साहेब म्हणाले, "धावडेंना सस्पेंड करा. आणि साइट कम्युनिकेशनची करा. हेड ऑफिस लिहील, बाकीचे वाचतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. मॅडम उभ्या राहिल्या.

"साहेब, लग्नाची पत्रिका छापताना अख्ख्या भावकीच्या हातात पेन देत न्हाईत. पण बैठकीला भावकीच नसंल, तर लग्न मोडतं. आपल्याला दोन्ही पायजे. सूचनांची साइट येगळी, तिथं कुणी हात लावायचा न्हाई. आन् कामगारांची येगळी, तिथं कुणाला अडवायचं न्हाई. मीटर बंद हाय, हे एकट्या धावडेंनी लिहिलं व्हतं. त्यांनाच घरी बसवलं, तर पुढच्या टायमाला कोण लिहील?"

"आणि तुमच्या सूचनेत चूक निघाली तर?" साहेबांनी विचारलं.

"खाली माझं नाव टाका. पहिलं मला काढा."

निवृत्ती तोंडावर आलेली बाई हे बोलत होती. साहेबांनी समोरची वही मिटली. म्हणाले, "ठीक आहे."

मी दोन साइट केल्या. नवा मीटर आला. धावडेंनी टाकी धुणाऱ्यांबरोबर भांडत, खोडत सूचना नव्याने लिहिली. ती मंजुरीसाठी मी मॅडमकडे नेली, तर म्हणाल्या, "आधी वापरून बघते."

आणि त्या खरोखर उतरल्या. गुडघे दुखणाऱ्या मॅडमनी कमरेला पट्टा बांधला, दोर धावडेंच्या हातात दिला. एकेक ओळ मोठ्याने वाचायची, तसं करायचं, मग पुढची ओळ. मीटर पाहिला, आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर सुरू केला आणि शिडीवरून खाली दिसेनाशा झाल्या. आम्ही टाकीभोवती उभे. कारखान्यातलं कोणी मोठं माणूस त्या टाकीत उतरलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

वर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. "धावडे, ब्लोअरच्या आवाजात मी मारलेली हाक तुम्हाला ऐकू आली न्हाई. दोर हलवून खूण कशी करायची, ते लिहा." धावडेंनी खिशातला पेन काढला. ती ओळ घातल्यावरच मॅडमनी खाली नाव टाकू दिलं.

मॅडमच्या निवृत्तीनंतर मी एकदा केडगावला त्यांच्याकडे गेलो. चहा घेताना इतके दिवस मनात राहिलेलं विचारलं, "मॅडम, त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एकूणएक ओळ वाचली."