मापाचा ब्लाउज आणि आमचा फॅशनचा वर्ग

मला रागही पटकन येतो आणि उत्साहही, आणि दोन्ही एकदम आले की घरातली माणसं दुसऱ्या खोलीत जातात. त्या दिवशी कल्याणच्या कॉलेजातून डोंबिवलीला घरी आले तेव्हा तसंच झालं. पर्स सोफ्यावर टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "अरे, त्या मुली कुणाच्या अंगाला टेपच लावत नाहीत! फॅशनच्या वर्गात!" तो म्हणाला, "मग कशाला लावतात?" आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवायला आत गेला.

माझी नोकरीची सगळी वर्षं उल्हासनगरच्या कपड्यांच्या कारखान्यांत गेली. काम पॅटर्न कापायचं, म्हणजे कपडा शिवायच्या आधी त्याचे कागदी साचे बनवायचं. नोकरी सोडून घरी बसले आणि चार महिन्यांत सगळ्यांना नकोशी झाले. तेवढ्यात कल्याणच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. संस्थेचं एक छोटं कम्युनिटी कॉलेज होतं. मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर, रुग्णसेवा असे वर्षावर्षाचे कोर्स, आणि त्यातच एक फॅशन डिझाइनचा. फॅशनला प्रवेश कमी होत चालले होते आणि शिकून गेलेल्या मुली बहुतेक साड्यांना फॉल लावत बसायच्या. सचिव जुन्या वळणाचे गृहस्थ, बोलणं अगदी पुस्तकी. म्हणाले, "आपण एकदा वर्ग पाहावा आणि स्पष्ट मत द्यावं. चालवण्याजोगा असेल तर चालवू. नसेल तर जूनपासून ती खोली दुसऱ्या कोर्सला देऊन टाकू."

म्हणजे माझ्या एका शब्दावर तो वर्ग राहणार होता की जाणार होता. आणि वर्ग म्हणजे बाई. पहिल्या दिवसापासून त्या एकट्याच शिकवत होत्या. मशीनला तेल घालणं, कातऱ्यांना धार लावून आणणं, पोरींच्या घरी जाऊन "शिकू द्या हो तिला" म्हणून आयांना पटवणं, सगळं त्याच करायच्या. मुली मला मॅडम म्हणायच्या, पण त्यांना मात्र नुसतं बाई. खोली गेली असती तर बाईही गेल्या असत्या, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला इतक्या अदबीनं खुर्ची दिली की मलाच कसंतरी झालं.

भिंतीवर मुलींनी काढलेली चित्रं होती. लांब मानेच्या, त्याहून लांब पायांच्या बायका, अंगात पायघोळ गाऊन. आंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत दारोदार हिंडलं असतं तरी तसं एक अंग सापडलं नसतं. कोपऱ्यात एक पुतळा होता, तोही तसाच सडपातळ. मी म्हटलं, चित्रं छान आहेत, आता मला एक साधा ब्लाउज शिवून दाखवा. सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "मॅडम, मापाचा ब्लाउज आणलाय?"

आता ह्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे बाई शिंप्याकडे जाते ती माप द्यायला जात नाही, मापाचा ब्लाउज द्यायला जाते. नव्या कापडाच्या पिशवीत जुना ब्लाउज घडी करून टाकायचा आणि दुकानाच्या फळीवर ठेवून म्हणायचं, "ह्याच मापानं, दंडात जरा सैल." शिंपी बहुतेक पुरुष, त्यामुळे अंगाला टेप लावून घ्यायची लाज. पुढे शिवणाऱ्या बायका आल्या तरी सवय तीच राहिली. मीसुद्धा तसंच करत आलेय. पण शिवण शिकवणाऱ्या वर्गात? टेप प्रत्येकीच्या गळ्यात होती. ती टेबलावर पसरलेल्या जुन्या ब्लाउजला लावायची, एवढंच.

"मापाचा नाही मिळणार," मी म्हटलं. "मी उभी आहे समोर. माझं माप घ्या."

कळव्याची एक मुलगी होती, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे कस्टमरला हात लावायचा?"

"मग काय लांबून बघून शिवणार?"

ती हसली, आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. "माझ्या आईचे ब्लाउज मीच शिवते मॅडम. ती मच्छी विकते ना मार्केटला. पण सगळेच्या सगळे काखेत फाटतात. नवा घातला की आठवड्यात टर्र. मी मग तिकडे डबल शिलाई मारते, तरी फाटतो. सीनच आहे."

"कुठल्या मापावरून शिवतेस?"

"तिच्या लग्नातला आहे ना एक, त्याच्यावरून."

"तो फाटला नाही?"

"तो ती घालते कुठे? होतच नाही तिला!"

आधी तिच्याच लक्षात आलं ती काय बोलली ते. तिनं कपाळावर हात मारला आणि अख्खा वर्ग हसत सुटला. मी तर टाळ्या वाजवल्या. जो ब्लाउज अंगाला होत नाही म्हणून घातला जात नाही, आणि घातला जात नाही म्हणून धड राहिला, तोच घरोघरी मापाचा म्हणून जपून ठेवलेला! मग एकेक मुलगी सांगायला लागली. एकीच्या आईचा बाळंतपणाच्या आधीचा, एकीच्या काकूचा तर तिच्या थोरल्या जावेचा होता. त्या दिवशी मी घरी उड्या मारत आले त्याचं कारण हे.

दुसऱ्या दिवशी मात्र बाईंशी बोलायचं होतं. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, बाई, वर्ग आहे असाच राहिला तर मी चालवा असं सांगू शकणार नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी अभ्यासक्रमाप्रमाणेच शिकवते. एक धडा सोडत नाही."

"हा अभ्यासक्रम बनवला कुणी?"

"बनवला कुणी म्हणजे... दुसऱ्या एका शहरातल्या कॉलेजचा होता, त्यावरून आम्ही उतरवला. त्यांनीही कुठून तरी..." त्या थांबल्या. मला वाटलं आता रडतात. तर त्या फसकन हसल्या. "म्हणजे आमचा अभ्यासक्रमही मापाचा ब्लाउज देऊनच शिवलेला म्हणायचा की! आणि हा अंगातला बघा माझा. शिवण शिकवते मी, आणि हा शिवलाय बाजारातल्या टेलरमास्तरनं. जुना दिला होता."

त्या हसण्यावर माझा जीव जडला. मी तिथूनच सचिवांना फोन लावला आणि वर्ग नव्यानं उभा करायला थोडी मुदत मागितली. ते म्हणाले, "आपणास परीक्षण करण्यास सांगितलं होतं, शिकवण्यास नव्हे." मी म्हटलं, दोन्ही करते, पैसे एकाचेच द्या. ते किंचित हसले असावेत. "ठीक. मार्चमध्ये मी स्वतः येईन. ठोस काही दिसलं नाही, तर जूनचे प्रवेश होणार नाहीत."

मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून मला घरात बसवत नाही. आधी चित्रांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला ती उतरवायची होती, बाई ऐकेनात. शेवटी ती बाहेर व्हरांड्यात लागली आणि आतल्या भिंतीवर मुलींनी एकमेकींच्या मापाचे कागदी साचे टांगले. आखूड, रुंद, एक खांदा उतरता, पाठीला पोक, सगळे खरेखुरे. पहिलं माप द्यायला बाई स्वतः वर्गाच्या मधोमध उभ्या राहिल्या. "घ्या," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. पोरींनी टेप अशी धरलेली की जणू गरम तवा. बाई एकच, पण प्रत्येकीनं घेतलेलं माप वेगळं आलं. मी खूश झाले, कारण आता त्यांना कळलं होतं की माप घेणं हे शिकायचं काम आहे.

नंतर आया, मावश्या, शेजारणी यायला लागल्या. दोरीवर जुन्या साड्या टाकून आडोसा केला. काय गंमत चालायची आत! टेप पोटाशी आली की प्रत्येक बाई श्वास आत ओढून पाच किलोनं बारीक व्हायची. एकीला इतक्या गुदगुल्या व्हायच्या की ती जमिनीवर बसूनच घ्यायची. आणि सगळ्यांचं एकच मागणं, आकडा मोठ्यानं नको गं. मग मुलींनी आपणहून पद्धत पाडली, आकडा जोडीदारणीच्या कानात सांगायचा. मी कारखान्यात आयुष्य काढलं, तिथे मापं ओरडून सांगायचे. ही पद्धत मला फारच आवडली.

कळव्याच्या मुलीची आई सकाळची विक्री आटपून आली. मुलीनं हात खाली ठेवून माप घेतलं आणि थांबली. मग म्हणाली, "आये, पाटी उचलतेस तसा हात वर कर." तेव्हा पाठीचं माप केवढं वाढलं ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं ती काय करायची, तर काखेत फाटतो म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, दरवेळी अजून खोल कापायची. सगळ्यांना वाटतं त्यानं हात मोकळा होतो. होतं उलटंच. मुंढा खाली गेला की हात उचलताना सगळा ब्लाउज वर ओढला जातो. हे मी फळ्यावर दहादा सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. आता ती माझ्याकडे वळून ओरडली, "मॅडम, पाठ रुंद आणि मुंढा वर!" मी तिला उचलायचीच बाकी ठेवली.

मार्चमध्ये सचिव आले. आम्ही मुद्दाम अंगावर घालून बघायचा, ट्रायलचा दिवस ठेवला होता. शिवलेले ब्लाउज घालून बायका वर्गभर फिरत होत्या, मुली खडू आणि टाचण्या घेऊन त्यांच्या मागे. सचिवांनी भिंतीवरचे साचे पाहिले, कापलेलं कापड पाहिलं, हात मागे बांधून एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. परंतु ह्यात फॅशन कुठे आहे?"

माझ्या डोक्यात सणकन गेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी माझा दंड दाबला. तोवर मच्छीवाल्या आईनं मधेच विचारलं, "फॅशन म्हंजी नवा कापडच ना, सायेब? मग माजा बघा. नवा हाय आनि फाटत नाय." आणि तिनं दोन्ही हात सरळ वर केले, खाली आणले, परत वर केले. बाकीच्या बायकांनी पण केले. सगळा वर्ग हात वरखाली करतोय, हसतोय, आणि मधे सचिव उभे. त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी हळूच आपल्या डाव्या खांद्याला हात लावला. "हे शर्टाच्या बाबतीतही करता येतं का? माझा हा खांदा नेहमी खाली ओघळतो. मीही जुनाच शर्ट देत आलोय." ते इतकंच बोलले आणि संस्थेच्या बाकी लोकांना फोन करायला ऑफिसात गेले.

ते गेले आणि वर्गातलं हसू थांबलं. मुलींनी खडू खाली ठेवले. बाईच म्हणाल्या, "काम का थांबवलंत? माझा राहिलाय." आणि आडोशाआड गेल्या. त्यांचा ब्लाउज त्या कळव्याच्या मुलीनं शिवला होता, अजून कच्चा टाका घातलेला. ती बाईंच्या पाठीशी, दंडाशी, कमरेशी टाचण्या लावत होती आणि मी टाचण्यांची डबी धरून उभी होते. बाईंच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. मला तर त्या वेळी देव आठवत होते, आणि मी तशी देवभोळी नाही.

साडीच्या पलीकडे पावलं थांबली. सचिव खाकरले. आत यायची सोय नव्हती, म्हणून तिथूनच बोलले. "बाई, आत आहात ना? जूनचे प्रवेश सुरू करा. वर्ग ह्याच पद्धतीनं चालेल. आणि मी संस्थेच्या लोकांना सांगितलंय, तो बाईच चालवतील."

बाईंना हुंदका आला आणि सगळं अंग हललं.

"बाई, हलू नका ना," ती मुलगी कळवळून म्हणाली. "टाचण्या आहेत, लागतील."

"लागू देत गं," बाई म्हणाल्या आणि वळून त्यांनी तिला घट्ट मिठी मारली. दोघीही एकदमच ओरडल्या, "आई गं!"