धूर कुठे जातो

फ्लॅट दाखवायला नेलं की लोक आधी संडास बघतात, मग भाव विचारतात. या बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहायच्या, पर्समधून उदबत्ती काढून पेटवायच्या आणि तिच्या धुराकडे टक लावून बघायच्या.

ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीत घरांची दलाली करत होतो. बाई शाळेत शिकवायच्या, राहायच्या जवळच्या दिवा गावात. पहिल्यांदा उदबत्ती पेटली तेव्हा बिल्डरने चपला काढून हात जोडले आणि वॉचमनला नारळ आणायला पिटाळलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "देव नाही हो, वारा शोधतेय."

धूर सरळ वर गेला की बाई सरळ जिना उतरून खाली. एकेक घर असं नापास होत गेलं. तुमच्या वाट्याला असं गिऱ्हाईक आलं असेल, तर माझे हाल तुम्हाला कळतील. शेवटी वैतागून मी विचारलं, की मग पंखा कशासाठी असतो?

"तुमचा बिल्डर खिडकी चुकवणार आणि आम्ही जन्मभर पंखा फिरवणार. त्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो. तो धूर परत आमच्या ह्यांच्याच छातीत."

तेव्हा कळलं, नवऱ्याला दमा होता. दिव्यातल्या त्यांच्या खोलीला एकच खिडकी, तीही पॅसेजमध्ये उघडणारी, आणि भिंतींना बारमाही ओल. त्यांची छाती वाजायला लागली की बाई उशाशी बसून ऐकत राहायच्या. त्यानंतर मी चिडायचं सोडलं. माचिसही मीच खिशात ठेवू लागलो.

अखेर खाडीच्या बाजूला एक घर सापडलं. धूर हॉलमधून निघाला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून पसार. पण चौथा मजला, लिफ्ट नाही. दम्याच्या माणसाला हे झेपेल का, असं मीच म्हटलं. दलालाने असं बोलू नये, पण बोललो.

"जिन्यात लागलेला दम बसलं की जातो," बाई म्हणाल्या. "झोपेत लागतो, तो नको."

पुढे बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी गॅलऱ्या काचा लावून बंद केल्या. बाईंनी केली नाही. कबुतरं आली, शेजारी हसले, बाई ढिम्म.

नव्वदनंतर कधीतरी बाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. फार वाईट वाटलं. भेटायला गेलो, तर चार मजल्यांत मलाच धाप लागली. त्यांच्या यजमानांनी पाणी दिलं. रोज हाच जिना चढतो म्हणाले. बोलता बोलता गॅलरीजवळच्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला.

मी कान देऊन ऐकलं. छाती अजिबात वाजत नव्हती. हे ऐकायला बाई हव्या होत्या.