मैदानावर बसून रडलेले साहेब

आलापल्लीच्या पुढे सागवानाच्या जंगलात एक जुनं गोल्फचं मैदान आहे. लाकडाच्या कारभारासाठी आलेल्या इंग्रज साहेबांनी ते आपल्यापुरतं आखून घेतलं होतं. कडेच्या बंगल्याचं आता रिसॉर्ट झालंय आणि तिथे कंपन्यांच्या बैठका भरवायचं काम माझ्याकडे आहे. मी आरमोरीचा, घरी धानाची शेती. गोल्फ मला अजून कळत नाही. बैठका तर त्याहून कळत नाहीत.

एका उन्हाळ्यात नागपूरच्या एका कंपनीचे वीसेक अधिकारी आले. दोन दिवस हॉलमध्ये बसले. तिसऱ्या सकाळी त्यांच्या प्रशिक्षकाने सगळ्यांना मैदानावर नेलं. जोड्या लावल्या. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्याने हात धरून त्याला चालवायचं. म्हणे यातून माणसांना एकमेकांचा भरवसा वाटू लागतो.

चहाची किटली घेऊन आमच्या स्वयंपाकाच्या बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या ढीवरांच्या घरच्या. पहाटे तळ्यावर मासोळी धरायची आणि मग आमच्या स्वयंपाकघरात यायचं, हा त्यांचा रोजचा क्रम.

पन्नाशीचे एक जाडसर साहेब पट्टी बांधून चालत होते. त्यांच्या जोडीदाराचा फोन वाजला, तसा तो हात सोडून बाजूला गेला. साहेब हात पुढे करून तसेच उभे राहिले. दोनदा हाक मारली. मग गवतावर बसले आणि रडायला लागले.

मी पुढे झालो, तर प्रशिक्षकाने हाताने थांबवलं. "असू द्या. हेच हवं होतं," तो हळूच म्हणाला. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. डॉक्टरला बोलवावं की आपणही टाळ्या वाजवाव्या, मला कळेना.

बाईंनी किटली खाली ठेवली.

"बाई, थांबा. तो त्यांचा कार्यक्रम आहे."

"कार्यक्रम? मानूस रडून राह्यला ना भाऊ!"

त्या गेल्या आणि साहेबांची पट्टी सोडली. "काऊन रडून राह्यले भाऊ? कुठी दुखते?"

"कुठेच नाही."

"मंग घरी काई झालं का?"

साहेबांनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग हो म्हणून. बाईंनी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मीही मागून गेलो. दोन कप चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "खरंच माहीत नाही. वाटलं, मला इथे सोडून सगळे निघून गेले."

"कोनी नाई गेलं. सारे तुमच्याचकडे पाहून राह्यले."

यावर ते हसले, आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसले. तोंड धुऊन हॉलमध्ये गेले, तर तिथे त्यांच्यासाठी टाळ्या. प्रशिक्षकाने माझा हात हातात घेऊन आभार मानले. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

महिनाभराने त्याच कंपनीचा मेल आला. दुसरा गट येणार होता. वेळापत्रकात नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये लिहिलं होतं, 'चहावाल्या बाईंचे सत्र, अर्धा तास.' मी तीनदा वाचलं. प्रशिक्षकाला फोन करून सांगितलं, "अहो, त्या दिवशीचं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं." तो हसला. त्याला वाटलं, मी उगाच नम्रपणा करतोय.

बाईंना सांगितलं. "मंग मी करू काय?" त्यांनी विचारलं.

"माणसांना बोलतं करायचं म्हणे."

"अन् कोनी नाई रडलं तं?"

मी मेल पुन्हा उघडून पाहिला. "मले तवा धानाच्या रोवनीले जा लागते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. सत्र होणार नाही, असं मी कळवून टाकलं.

तो गट आला तेव्हा मी प्रशिक्षकाला साहेबांबद्दल विचारलं. "ते आता कंपनीत नाहीत," एवढंच तो म्हणाला.

रोवणी आटोपून आल्यावर बाईंनीही तेच विचारलं. मी सांगितलं.

"काढलं का त्याईनंच सोडलं?"

"माहीत नाही."

साहेबांचा नंबर रजिस्टरमध्ये होता. लावला. रिसॉर्टचं नाव ऐकताच साहेब घाईने म्हणाले, "मी आता बैठका वगैरे घेत नाही हो."

"तसं नाही. आमच्या बाई विचारत होत्या."

 "त्यांना सांगा, बरा आहे," ते म्हणाले.

बाईंना निरोप दिला. "बरा म्हनते तं बराच असन," म्हणत त्या पाणी भरायला गेल्या. मला मात्र त्या आवाजावरून काहीच ठरवता आलं नाही.