लाल चिंधीच्या काठ्या

शेताच्या चारी बाजूंनी दोन-दोन ढांगा जमीन न नांगरता गवताला सोडणारा माणूस वेडाच, असं सारा गाव म्हणे. 'गवत्या' हे नाव त्याला चिकटलं ते त्यातूनच. "गवत्या, यंदा तण किती पोती झालं रे?" शेजारी विचारी. "तुझ्या जिभेवर उगवतं त्यापेक्षा कमीच!" गवत्या हसून म्हणे.

खरं तर हे खूळ त्याच्या बायकोचं. मुलगा परगावी कामाला गेल्यावर तिला लागलेलं. मधोमध पीक उभं राहतं, मान्य. पण नाटक काय फक्त रंगमंचावर असतं? विंगेतही किती जीव थांबलेले असतात! तिच्या विंगेत चंडोल होते, लावे होते, मधमाश्या होत्या. पिल्लं उडाल्यावरच गवत कापायचं, तेही एका वर्षी अर्धंच. घरटं दिसेल तिथे काठी रोवून जुन्या लाल चादरीची चिंधी बांधायची, म्हणजे विळा तिथे थबकेल. ती गेली, चादर उरली. दर वर्षी तो थोडी फाडायचा. यंदा सात घरटी सापडली आणि चादर संपली.

नेमकं तेव्हाच डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात पट्टीआड त्याला एकच घोर: पिल्लं उडेपर्यंत तिकडे कुणी फिरकू नये.

मुलगा रस्त्याच्या कामावर मुकादम. त्यानं बापाला दवाखान्यातून आणलं ते थेट शेतावर. "बघा आबा! रजा काढून सगळी कड लख्ख केली. आता कोण गवत्या म्हणतं बघू!"

चारी बाजू उघड्याबोडक्या. कडेनं काळी राख.

"आणि काठ्या?"

"तिथूनच तर सुरुवात केली! आमच्याकडे लाल चिंधी म्हणजे इथून साफ करायला घ्या. म्हटलं, धड दिसत नसताना आबांनी खुणा करून ठेवल्यात." त्यानं खिशातून धुऊन घडी केलेल्या सात चिंध्या काढल्या. "आईच्या चादरीच्या ना? टाकवेनात."

पोराच्या तळहातांवर फोड आले होते. रागवायचं तरी कुणावर?

"छान केलंस," गवत्या म्हणाला.

तेवढ्यात राखेवर चंडोल उतरला. चोचीत अळी. इकडे धावला, तिकडे धावला, पुन्हा त्याच जागी आला. मुलगा बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"आबा... त्या काठ्या कशाच्या होत्या?"

गवत्यानं चिंध्या मुठीत घट्ट धरल्या.

"चल, डोळ्यात औषध घालायची वेळ झाली."