निंबा आबा नातं विसरले

अमळनेरजवळच्या खेड्यात राहणाऱ्या निंबा आबांना एक खोड होती. समोर कुणीही येवो, त्याचं गाव विचारून ते नातं काढत. नव्याने सुरू झालेल्या यष्टीचा कंडक्टर तिकीट फाडायच्या आत त्यांचा साडू झालेला असे. एकदा गावाने चोर पकडला, तर आबांनी चावडीच्या वाटेवरच त्याला भाचा ठरवून घरी जेवायला आणलं. स्वतःचा कपाळावरचा चष्मा मात्र घरभर शोधायचे.

ही स्मरणशक्ती पोरीच्या मुळावर आली. प्रमिलाला पारोळ्याचं स्थळ आलं; पोहे संपेपर्यंत आबांनी मुलाला तिचा भाचा करून टाकलं. चोपड्याचा मुलगा तर काका निघाला. नात्यात कसं करायचं, म्हणत दोन्ही पाहुणे उठले.

मग पाचोऱ्याहून शालिग्रामभाऊ मुलाला घेऊन आले. प्रमिलाने दाराच्या फटीतून पंडितला पाहिलं आणि कुणी न सांगता ठेवणीतलं लुगडं नेसली. ते बघून भिकुबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं.

"आज नातं काढू नका. पोर घरमाच राही जाई!"

आबा तोंडात सुपारी कोंबून बसले. बोलता बोलता शालिग्रामभाऊंनी स्वतःच्या आजीचं माहेर सांगितलं, "मनी आजी शिरपूरनी."

झालं! आबांच्या डोक्यात गाडी सुटली. शिरपूरची वच्छलाबाई... म्हणजे आपल्या आईच्या मावससासूची नणंद... म्हणजे प्रमिला आणि पंडित बहीणभाऊ! सुपारी घशात अडकली. आत बांगड्या वाजल्या. प्रमिला चहा घेऊन बाहेर आली.

"आबा, तुमनं आजोळ कोनतं?" शालिग्रामभाऊंनी विचारलं.

आबांनी पोरीकडे पाहिलं. "याद नही, भाऊ. वय व्हयनं."

जन्मात पहिल्यांदा ते असं बोलले. जेवण जाईना, इतकं वाईट वाटलं.

लग्न थाटात झालं. पोर गाडीत बसल्यावर शालिग्रामभाऊ आबांच्या कानाशी लागले. "मनी आजी तुमनी मायनी मावससासूनी नणंद. माले पयलेच माहीत व्हतं. पन घरवालीनी ताकीद व्हती! तरी तुमनं आजोळ इचाराई गयंच!"

आबांनी त्यांना कडकडून मिठी मारली आणि धाय मोकलून रडले. लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे. निम्मं रडू त्यासाठीच होतं.